पोपटी मिशांचे अण्णा

घरात एक चित्र टांगलं की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. लोक चहा पिऊन निघून जातात, किस्सा इथेच ठेवून जातात.

दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या घरी ताईने आमच्या वडिलांचं, अण्णांचं, पोर्ट्रेट काढलं. अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी, मिशा पोपटी. ताईला फाइन आर्ट्सला जायचं होतं, अण्णांना ती बी.एड. करायला हवी होती.

अण्णा शांतपणे म्हणाले, "रविवारपर्यंत बैठकीत राहू दे. बाहेरच्या कोणी एकाने मला ओळखलं तर जा आर्ट्सला. कोणी काही सांगायचं नाही."

*

गॅसवाल्याने सिलिंडर ठेवला, भिंतीकडे बघितलं, बाहेर जाऊन बूट काढून आला आणि हात जोडले.

मी विचारलं, "कौन से भगवान हैं?"

"पता नहीं भैया. पर गुस्से में हैं."

ताई म्हणाली, "अण्णा, गुस्सा तर ओळखला ना."

"हे ओळखणं नाही धरणार," अण्णा म्हणाले. गुस्स्यातच.

*

अण्णांचे ऑफिसातले जुने मित्र देशमुखकाका आले. मी अण्णांना म्हटलं, जरा चित्राखाली उभे राहा, तसंच तोंड करून. अण्णा नियमाचे पक्के. राहिले उभे.

काकांनी चित्र बघितलं, अण्णांना बघितलं, परत चित्र.

"तुझे वडील का रे?"

"वडिलांना मिशा नव्हत्या."

"तेच म्हणतोय, मिशा जमल्या नाहीत."

ताई आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

*

शनिवारी मी अण्णांचा चष्मा टेप लावून चित्रावर चिकटवला. म्हटलं, ताईला थोडी मदत.

अण्णांची सख्खी बहीण, आमची आत्या, आली. दारातूनच म्हणाली, "अगंबाई, हा तर दादाचा!"

ताई उठून उभी राहिली.

आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, अण्णांना दिला. "कुठेही ठेवतोस. आणि हे काय, पडदा घेतलात का नवीन?"

*

रविवारी संध्याकाळी ताई ब्रश पिशवीत भरत होती. तेवढ्यात समोरच्या घरातले कुलकर्णीकाका आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. नालीवरून भांडण झाल्यापासून ते आणि अण्णा एकमेकांचं तोंड बघत नाहीत. गल्लीत समोरासमोर आले की दोघं भिंतीकडे वळतात.

दारातून त्यांनी आईला हळूच विचारलं, "वहिनी, ते नाहीत ना घरी?"

अण्णा आतल्या पडद्यामागे होते. "नाहीत," मी म्हणालो.

काका आत आले. भिंतीकडे नजर गेली. थांबले. मग गर्रकन दाराकडे वळले.

पाठमोरे राहूनच आईला पत्रिका दिली. चहाही पाठमोरेच प्यायले. आई म्हणाली, "भावजी, बसा ना खुर्चीवर."

"नको वहिनी. मी इथेच बरा आहे."

ते गेल्यावर अण्णा बाहेर आले. "पूर्ण वेळ पाठ?"

"पूर्ण वेळ," ताई म्हणाली.

अण्णा चित्रासमोर खुर्ची ओढून बसले.

"आर्ट्सला जायचं तेव्हा जा," ते म्हणाले. "आधी हे खिडकीत लाव. तोंड बाहेर करून."