बटण दाबण्याची युक्ती

बाबांना काचबिंदू निघाला तेव्हा मी हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घ्यायचे. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डोळ्याच्या नसेच्या गेलेल्या पेशी परत येत नाहीत. थेंब आहेत ते उरलेल्या जगवायला." नजर किती उरली, ते एका तपासणीत कळायचं. यंत्रात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं.

आजोबा अंगठेबहाद्दर. बाबांनी मात्र नोकरीत सरकारी खात्याची प्रत्येक परीक्षा पहिल्या फटक्यात काढलेली. आमच्या वारज्याच्या घरात 'नापास' ही शिवी होती. पहिला रिपोर्ट न दिसलेल्या जागांच्या काळ्या डागांनी भरलेला आला आणि बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मला ते बघवेना. पुढच्या खेपेला मी रिक्षातच म्हटलं, "बाबा, तो उजेड ठरावीक वेळाने येतो. दिसो न दिसो, मनात दोन मोजा आणि दाबा."

रिपोर्ट सुधारला. डॉक्टरांनी तेच थेंब चालू ठेवले. आईने शिरा केला. त्याच्या पुढच्या खेपेलाही आम्ही असेच पास झालो.

वर्षभराने बाबा सोसायटीच्या फाटकात उभ्या स्कूटरला धडकले. या वेळी डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यात पाहिलं, मग जुने रिपोर्ट पुन्हा काढले.

"काका, न आलेला उजेडही दिसतो की आपल्याला! अभिनंदन. औषध वर्षापूर्वीच वाढवायला हवं होतं. असं बटण दाबायला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. माझं मीच."

मी शेजारच्याच खुर्चीत होते. मी बोलायला हवं होतं. रडू आलं नाही, भीती वाटली नाही, लाजसुद्धा नाही. दात काढल्यावर गाल बधिर होतो तसं आत सगळं झालं होतं. मी नव्या थेंबांची चिठ्ठी घेतली, वेळा विचारून घेतल्या.

जिना उतरताना बाबांनी माझा दंड धरला. असा आधार त्यांनी याआधी कधी घेतला नव्हता. खालच्या बाजूचं त्यांना काही दिसत नव्हतं.

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिला वाटेल, तुझ्यामुळे झालं."

"हळू," मी म्हटलं, "अजून एक पायरी आहे."