तेक्लाची थोरली

माझी आई तेक्ला त्या बंदराचं नाव कधी घेत नसे. 'ते पाण्याकाठचं गाव' एवढंच म्हणायची.

पूर्व युरोपातल्या गॅलिशिया प्रांतातलं, वेर्बिव गावचं घर आणि शेताचा तुकडा विकून आई-बाबा कॅनडाला निघाले ते १९०५ च्या वसंतात. सोबत पाच वर्षांची थोरली मुलगी सोलोमिया, अंगावर पिणारा दानिलो आणि बाबांची बिनलग्नाची बहीण, फेव्रोना आत्या. माझा जन्म तीन वर्षांनी इथला, सस्कॅचेवानचा. त्यामुळे हॅम्बुर्गच्या बंदरात काय घडलं ते मी पाहिलेलं नाही. पण त्याच्याच सावलीत मी वाढले.

बोटीवर चढण्याआधी डॉक्टरनं सोलोमियाच्या पापण्या उलटून पाहिल्या. आत खुपऱ्या होत्या. तशा डोळ्यांच्या माणसाला नव्या देशात घेत नसत. आत्यानं सामानातून आपलं गाठोडं बाजूला काढलं आणि म्हणाली, "मी नेते हिला परत. डोळे बरे झाले की येऊ दोघी." झोपलेल्या सोलोमियाला खांद्यावर टाकून ती गर्दीत गेली. बोट सुटली.

आमच्या वस्तीत सगळे म्हणायचे, ओनुफ्रीनं पोर टाकली. ओनुफ्री म्हणजे माझे बाबा. शेजारचा प्रोकिप तर तोंडावर म्हणायचा, "जमिनीपायी काळीज विकलंस की रे!" बाबा मान खाली घालून विळ्याला धार लावत बसायचे. एकदाही उलटून बोलले नाहीत.

पहिली दोन वर्षं ती तिघं जमिनीत खणलेल्या घरात राहिली, वर गवताच्या ढेकळांचं छप्पर. उन्हाळाभर बाबा रेल्वेच्या कामावर असायचे. आई दानिलोला झाडाखाली बांधून ठेवायची आणि कुऱ्हाडीनं पॉपलरची झाडं पाडायची, मुळं उपटायची, दगड वेचायची. बाबा परत आले की दगडांचे ढीग बघून म्हणायचे, "हे पीक बरं आहे, पेरावंही लागत नाही." आई हसायची नाही.

तिला लिहिता येत नव्हतं. चर्चमधला गायक तिचं पत्र लिहून द्यायचा: 'गहू घरात आला की दोघींना बोलावतो.' १९०७ साली गहू कमरेइतका वाढला. ऑगस्टमध्ये, दाणा अजून दुधाळ असताना, एका पहाटे दंव गोठलं. शेत उन्हात चकाकत होतं म्हणे. दुपारपर्यंत काळं पडलं. आईनं एक कणीस चुरडून पाहिलं, हात झग्याला पुसले आणि गायकाकडे गेली. "लिही," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी पीक आलं, पण डोळे बरे झाले नव्हते. मग डोळे बरे झाले तर आत्या अंथरुणाला खिळली. शेवटी १९१४ च्या शरदात निघायचं ठरलं आणि ऑगस्टमध्ये युद्ध लागलं. पाच वर्षं कागदाचा चिठोराही आला नाही. युद्धानंतर पत्रं पुन्हा सुरू झाली, पण तिकडच्या माणसांना कॅनडाचं दार उघडायला आणखी काही वर्षं गेली.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मेलेल्यांसाठी एक रिकामं ताट मांडतात. आई त्याच्या शेजारी आणखी एक मांडायची आणि त्यात मध घातलेले शिजवलेले गहू वाढायची. "हे जिवंत माणसाचं आहे," ती आम्हाला दटावायची, "दोन्हीत गल्लत करायची नाही." १९१८ च्या तापात बाबा गेले. तेव्हापासून पहिलं ताट त्यांचं झालं.

सोलोमिया आली ती १९२६ च्या ऑगस्टात, ऐन कापणीत. एकटीच. आत्याच्या पायांत आता बळ नव्हतं. स्टेशनवर आई गाडीच्या टोकापासून टोकापर्यंत पळत होती, एखादी लहान मुलगी शोधल्यासारखी. डोक्याला रुमाल बांधलेली एक उंच बाई पुढे आली, कमरेत वाकली आणि म्हणाली,

"देव भलं करो, घरधनीणबाई. ओनुफ्रीच्या शेतावर जायचंय, वाट कोणती?"

आमच्याकडे कुठल्याही अनोळखी बाईला असंच म्हणतात. आई तिच्या खांद्यावरून गाडीच्या दारांकडेच बघत होती. मीच म्हणाले, "अगं, हीच ती. आपली आई."

सोलोमिया लाल झाली. पुन्हा वाकली आणि तिनं आईच्या हाताचं चुंबन घेतलं, पाद्रीबाबांच्या हाताचं घेतात तसं.

कापणीला मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. दानिलोचं यंत्र वळू शकत नसे ते कोपरे ती विळ्यानं साफ करायची. प्रोकिप कुंपणावरून ओरडला, "तेक्ला, ही पोरगी आधी आली असती तर यंत्राची गरजच नव्हती!" आई पेंढ्या उभ्या करत होती, ती तशीच थांबली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी पेंढ्यांच्या सावलीला बसलो होतो. सोलोमियानं विचारलं, "एक विचारू? मला मागे ठेवायचं कुणी ठरवलं? आत्या म्हणायची, तिच्या भावानं."

बाबा जाऊन आठ वर्षं झाली होती. आईनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"मी," आई म्हणाली. "तो परत फिरायला निघाला होता. रडत होता. मीच म्हटलं, घर विकलंय, परत जाऊन कुणाच्या दारात उभं राहायचं? वाटलं, एका पिकाचा तर प्रश्न आहे."

"आणि लोक त्यांना बोलायचे ते?"

"बोलू दिलं मी."

सोलोमियानं उरलेली भाकरी रुमालात बांधली, उठली आणि कापायला लागली.

मळणी सुरू असताना वेर्बिवहून पत्र आलं. सोलोमिया बोटीवर होती त्याच आठवड्यात आत्या गेली होती. सोलोमिया खळ्यातच, भुसात गुडघ्यांवर बसली आणि गावाकडच्या बायका प्रेतापाशी रडतात तशी सूर लावून रडली. "आई गं, तुला पाणी कुणी पाजलं? आई, तुझे डोळे कुणी मिटले?" मळणीवाल्यांनी यंत्र बंद केलं. माझी आई चार पावलांवर उभी होती. ते 'आई, आई' तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग ती घरात गेली. नव्या गव्हातले ओंजळभर निवडले, शिजवले, त्यात मध घातला. मेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात तसे. खळ्यावर भांडं आणून ती सोलोमियाशेजारी बसली.

"माझं काम तिनं केलं," ती म्हणाली. "मलाही रडू दे तिच्यासाठी."

सोलोमिया सरकली नाही. वळलीही नाही. पण दोघींनी एकाच भांड्यातून खाल्लं.

बर्फ पडायच्या आत ती विनिपेगला गेली, एका खानावळीत कामाला लागली आणि दोन वर्षांनी तिथल्याच एका सुताराशी लग्न केलं. ईस्टरला पत्र यायचं, सगळ्यांच्या नावे एकच. मी वाचून दाखवायचे. आई म्हणायची, "पुन्हा वाच," आणि कधीकधी तिसऱ्यांदाही.

आई १९३१ च्या पेरणीत गेली. सोलोमिया पोचली तोवर माती देऊन झाली होती. थडग्यापाशी ती बराच वेळ उभी राहिली, मग बूट बदलून दानिलोबरोबर शेतावर गेली. अर्धं शेत पेरायचं राहिलं होतं.