तुळजामायच्या घरचं दही

आमच्या गावात हनुमान जयंतीला सप्ताह उठतो, आणि त्या दिवशीच्या काल्याला दही तुळजामायच्या घरचं असायचं. तिच्या आजेसासूपासूनचा तो मान. तेव्हा त्यांची मेंढरं होती, गोदावरीच्या काठाकाठानं फिरायची. पुढं मेंढरं गेली, म्हशी आल्या, मान राहिला. रामनवमीला सप्ताहाच्या कमिटीची माणसं नारळ-सुपारी घेऊन तिच्या दारात यायची. त्या दिवसापासून ती दुधाचा थेंब विकत नसे. पहाटे अंघोळ करून, कुणाशी न बोलता गाडग्यांत विरजण लावायची. एरवी तोंडाची फटकळ. एकदा कीर्तनकाराला म्हणाली होती, "महाराज, तुमचं कीर्तन पातळ झालं तर देव चालवून घेईल, माझं दही पातळ झालेलं न्हाई चालत."

तीन वर्षांमागं गर्दी जास्त झाली, काला पुरेना. वाढप्यांनी टाकीच्या नळाचं दोन घागरी पाणी आणून त्यात ओतलं. तुळजामाय त्यांच्यावर ओरडली, पण काल्याच्या गडबडीत ऐकतो कोण. मग तिनंही हातानं वाटायला घेतलं. धर्मराजची लेक तृप्ती माहेरी आल्ती, कडेवर चौदा महिन्यांचं बाळ. तुळजामायनं बोट काल्यात बुडवून त्याला चाटवलं. बाळानं तोंड वाकडं केलं आणि सगळे हसले. मी तिथंच उभी होते.

दुसऱ्या रात्रीपासून घरोघर उलट्या-जुलाब सुरू झाले. मी गावची आशा कार्यकर्ती, मीठ-साखरेच्या पुड्या वाटत फिरत होते. तृप्तीचं बाळ सकाळी दवाखान्यात नेताना घनसावंगीच्या वाटेवर जीपमध्येच गेलं. तिनं मला एकच विचारलं, "ताई, तुमी तर जुलाबाचा डोस पाजला होता ना?" पाजला होता. तो रोटा नावाच्या एकाच विषाणूवरचा असतो, बाकीच्यांना तो अडवत नाही. पण पाजताना मी "जुलाबाचा डोस" एवढंच म्हणत आले होते. बायांना समजावं म्हणून.

शौचाचे नमुने घ्यायची बर्फाची पेटी दुसऱ्या दिवशी आली. मी डब्या घेऊन दारोदार गेले. बायनाबाई आजारातही म्हणाली, "आशाताई, आमच्या घरचं सगळं नेऊन झालं, आता हेच न्यायचं राह्यलं होतं का?" एकोणीस डब्या भरल्या, मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या.

डब्या पोचायच्या आधी गावाचा निकाल लागला होता. दही. कुणी तुळजामायला शिवी दिली नाही, पंचायत बसली नाही. फक्त तिच्याकडचं दूध बंद झालं. पुढच्या रामनवमीला ती दार उघडं ठेवून, दाराशी सडा-रांगोळी करून दुपारपर्यंत बसली. नारळ आला नाही. तिनं म्हशी विकल्या आणि गाडगी कुडावर पालथी घातली. कमिटीनं शहरातून पाकिटाचं दही आणलं. पाणी त्याच नळाचं. त्या वर्षीही अकरा जणांना जुलाब झाले, ते उन्हानं झाले असं ठरलं.

प्रयोगशाळेचा कागद केव्हाच आला होता, आरोग्य केंद्रात पडून होता. मला तो दिसला या वर्षी संक्रांतीनंतर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. एकोणीस डब्यांत पाच वाण निघाले होते. नोरो नावाच्या विषाणूचेच तीन, एकमेकांपासून लांबच्या वंशाचे, आणि आणखी दोन निराळे. ते म्हणाले, एका माणसाच्या हातानं पसरलं असतं तर बहुतेक एकच वाण सगळ्यांच्या पोटात निघाला असता. एवढे वाण एका माणसात नाही, नालीत सापडतात. टाकीची लाइन नालीतूनच गेलीय. कुठंतरी फुटली असणार.

मी तो कागद घेऊन अण्णासाहेबांकडं गेले. लाइन टाकली तेव्हा सरपंच तेच होते. म्हणलं, गावापुढं वाचा. त्यांनी चष्मा लावला, वाचला, घडी घालून परत दिला.

"ताई, पाणी म्हणलं की लाइन आली, अन् लाइन म्हणलं की आम्ही आलो. दही म्हणल्यावर कुणाचं काय गेलं?"

कमिटीतला रामेश्वर मात्र ऐकून घेणारा निघाला. त्यानं कागद दोनदा वाचला आणि रामनवमीला नारळ-सुपारी घेऊन माझ्यासोबत आला. वाटेत मला उगीच हलकं वाटत होतं. गाडगी आता सुलटी होणार, असं मी धरूनच चालले होते.

तुळजामाय कोनाड्यातल्या देवाजवळ बसली होती. मी सगळं सांगितलं. पाच वाण, नाली, लाइन. तिनं मधी तोंड घातलं नाही, हेच मला नवं होतं.

"पाच म्हणतीस," ती म्हणाली. "मंग त्यातला एक माझ्या बोटावर नव्हता, असं लिव्हलंय का त्यात?"

"माय, पाणी ओतलं तेव्हाच सगळा काला—"

"तृप्तीच्या लेकराच्या पोटात कोणता होता?"

खोटं बोलावं असं वाटलं. समोर देव होता. म्हणलं, "त्याचा नमुना नाही घेतला, माय. पेटी यायच्या आधीच त्याला पुरलं होतं."

तिनं नारळ उचलला, कपाळाला लावला आणि रामेश्वरच्या हातात परत दिला. "मारुतीपुढं फोड," म्हणाली. "माझा हात आता नगं."

यंदाही काला पाकिटाच्या दह्याचा झाला. नळाचं पाणी उकळून घ्या, म्हणून मी आदल्या दिवशी घसा फोडून सांगितलं होतं. वाढप्यांनी तशाच दोन घागरी ओतल्या. माझ्या हातावर प्रसाद आला. मी तो कपाळाला लावला, पदरात घेतला आणि घरी आणून तुळशीच्या बुडाशी ठेवला. बाकी सगळ्यांनी खाल्ला.