खुळखुळामावशीचा घसा

गेली अकरा वर्षं ती वाचनालयाच्या वरच्या खोलीत तान्ह्या आणि रांगत्या मुलांचा गाण्या-नाचाचा वर्ग घेत होती. सगळे तिला खुळखुळामावशी म्हणायचे. घशाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला सहा आठवडे बोलायलासुद्धा बंदी केली.

"आता वर्ग बंद ठेव बाई," बहीण म्हणाली.

मावशीने कागदावर लिहिलं, "घसा बसलाय, मी नाही."

शनिवारी बारा मुलं आईबाबांच्या मांडीवर येऊन बसली. मावशीने डफावर ताल धरला, मान डोलावली आणि सगळ्यांकडे पाहिलं. कुणाच्याच तोंडून सूर फुटेना. आजवर आपल्या खणखणीत आवाजाआड ही आईबाबा मंडळी नुसते ओठ हलवत होती, हे तिला तेव्हा कळलं. दाराशी एक बाबा नेहमीसारखा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. तिने त्यालाच बोटाने खुणावलं, तुम्ही गा म्हणून.

"मी? अहो, माझा आवाज म्हणजे फुटका बांबू!"

मावशी ताल सोडेना. शेवटी त्याने डोळे मिटून बदकाचं गाणं सुरू केलं, तेही भलत्याच पट्टीत. मांडीवरची लेक गर्रकन वळली, टकामका बघत राहिली आणि दोन्ही हातांनी त्याचे ओठ चाचपू लागली. ते पाहून बाकीच्यांचीही भीड चेपली.

पुढे मावशीचा आवाज परत आला, तरी पहिलं गाणं तिने आईबाबांकडेच ठेवलं. नव्या पालकांना ती पहिल्याच दिवशी सांगून टाकते, "शिकायला तुम्ही आलाय. मुलांना येतंच सगळं."