खंडेनवमीची यंत्रे आणि मेक्सिकोचे शब्द

मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या असतात. तो कपाळावर येतो तेव्हा आधी आवाज ऐकू येतो, वेदना मागाहून येते. गेल्या खंडेनवमीला भर दुपारी माझ्या धाकट्या भावाने तो स्वतःच्या मुलीवर फेकला, आणि मी मध्ये आलो.

लोधीपुऱ्यातल्या आमच्या घरी खाली भावाचे यंत्रमाग आहेत आणि वर आम्ही राहतो. माझी पुतणी घरबसल्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका स्पॅनिश भाषेत उतरवते. ती भाषा तिने फोनवरच्या वर्गांतून शिकली. हाती घेतलेली पुस्तिका कंपनीला पटली, तर तिला कायमची नोकरी मिळणार होती. संध्याकाळी माझी संध्या आटोपली की ती जवळ येऊन बसे आणि शब्द निवडी. एकाच वस्तूला स्पेनमध्ये एक नाव, मेक्सिकोत दुसरे. संगणक स्पेनमध्ये ‘ऑर्देनादोर’, मेक्सिकोत ‘कोम्पुतादोरा’. हातातला फोन स्पेनमध्ये ‘मोविल’, मेक्सिकोत ‘सेलुलार’. माझे बालपण कोश पाठ करण्यात गेले. मी म्हणालो, “पाण्याला संस्कृतात कितीतरी नावे आहेत. कोणतेही घे, अर्थ पोहोचतो.”

“मोठे बाबा, इथं तसं नाही जमत,” ती म्हणाली. “माणूस पुस्तिका वाचतो अन् बटन दाबतो. नाव चुकलं तर हात जातो.”

हात जाणे म्हणजे काय, हे आमच्या घराला ठाऊक होते. फार वर्षांपूर्वी तातडीच्या मालासाठी भावाने खंडेनवमीलाच माग चालू ठेवला होता, आणि मागाने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे नेली. सुताच्या गुंत्यात अडकलेले ते तुकडे मी माझ्या हातांनी सोडवले. पांढऱ्या कापडावर रक्त पसरत गेले आणि तो ओरडायचेही विसरून ते पाहत राहिला. तेव्हापासून पूजेला मांडलेल्या यंत्राला दसऱ्याच्या उत्तरपूजेपूर्वी कोणी हात लावला, की त्याचा तोल सुटतो. एकदा एका कारागिराला त्याने एवढ्यावरून जिन्यावरून ढकलून दिले होते.

त्या दिवशी सकाळी मी पूजा सांगितली. चौरंगावर धोटे, कात्री, नट आवळायचे पाने, शिलाईयंत्र आणि शेवटी पुतणीचा लॅपटॉप मांडला. सर्वांना हळदकुंकू वाहिले, झेंडू वाहिला.

दुपारी तिच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. मिक्सरची ती पुस्तिका मेक्सिकोसाठी होती. देश आधी कोणी सांगितला नव्हता, आणि तिने सगळे शब्द स्पेनचे घातले होते. मिक्सरला तिने ‘बातिदोरा’ लिहिले होते. मेक्सिकोत त्या नावाने केकचे पीठ फेटायचे यंत्र ओळखतात, मिक्सर म्हणजे ‘लिकुआदोरा’. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती आली नाही, तर काम दुसऱ्या कोणाला जाणार होते.

मला विचारायलाही न थांबता तिने चौरंगावरून लॅपटॉप उचलला. भाऊ जिन्यातून वर येत होता.

पहिली थप्पड अशी बसली की पुतणी भिंतीवर आदळली आणि तिचा ओठ फाटला. त्याने केस धरून तिला खाली पाडले. तिने लॅपटॉप पोटाशी धरला होता, आणि भाऊ उरलेल्या तीन बोटांनी तो ओढत होता. त्याचा कोपरा फरशीवर आपटला आणि पडदा तडकला.

“ठेव वापस! माझे बोटं दिसत नाहीत तुला?”

“रोज तेच दिसतात, पप्पा. आज माझं काम दिसू द्या.”

त्याने तिच्या पाठीत लाथ घातली आणि चौरंगावरचा धोटा उचलला. मी उठलो ते तेव्हा.

धोटा माझ्या कपाळावर बसला आणि रक्त डोळ्यात ओघळले. भाऊ थिजला. मग पुन्हा तिच्याकडे वळत म्हणाला, “दादा, तुम्ही मधात नका पडू. तिचा हात गेल्यावर कोण सोडवणार, तुम्हीच ना?”

तो तिला मारत होता, आणि तिचा हात वाचवतो आहे असे मनापासून मानत होता. अशा माणसाला शास्त्रार्थ ऐकू येत नाही. मी तिच्या हातातून लॅपटॉप घेतला आणि चौरंगावर होता तिथे ठेवला. ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू दुसरा धोटा मीच फेकला. मी तबकातल्या अक्षता घेतल्या. बोटांना रक्त होते, त्या चिकटल्या. विसर्जनाचा मंत्र म्हणून त्या लॅपटॉपवर वाहिल्या आणि तो उत्तरेला किंचित सरकवला.

“याची उत्तरपूजा झाली,” मी म्हणालो. “आता हे नुसते यंत्र आहे. घे, पोरी.”

“आज? नवमीलाच?” भावाने विचारले.

“आपल्या घरी पूजा कोण सांगतो?”

तो जिन्याच्या पायरीवर बसला.

ती माझ्या खोलीत बसली. मी कपाळाला पंचा दाबून दाराशी उभा राहिलो. तडकलेल्या पडद्यावर तिने एकेक शब्द बदलला. मिक्सरची पिन भिंतीत जिथे खोचायची, त्या जागेच्या नावापाशी ती अडली. स्पेनमध्ये ‘एन्चुफे’, मेक्सिकोत ‘कोन्ताक्तो’. पहिला शब्द मेक्सिकोतही समजतो, ती म्हणाली. सुजलेल्या ओठांनी तिने दोन्ही हळू उच्चारून पाहिले.

“त्यांच्या घरातली बाई कोणता म्हणेल?” मी विचारले.

“कोन्ताक्तो.”

“मग तोच.”

उन्हे उतरण्यापूर्वी पुस्तिका गेली. काम मान्य झाल्याचा निरोप तासाभरात आला. तिने तो मला वाचून दाखवला, बापाला नाही.

दसऱ्याला मी बाकीच्या यंत्रांची उत्तरपूजा करत होतो. भाऊ तिच्या खोलीतून लॅपटॉप घेऊन आला आणि चौरंगाच्या कडेला ठेवू लागला.

“याची काल झाली,” मी म्हणालो.

“झाली. तरी दोन अक्षता टाका, दादा.”

पुतणी मागोमाग आली होती. तिने त्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला, आणि त्याच्याकडे न पाहता खोलीत जाऊन आतून कडी लावली.