अक्षरं कुठे गेली?

तापात कान गेले तेव्हा पार्लरवाल्या ताईची चाळिशीही उलटली नव्हती. धंदा काही थांबला नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की समोरच्या आरशात त्याचे ओठ वाचायचे आणि कात्री चालवायची, हे ती शिकली. अडलं ते सिनेमापाशी. सिनेमाचं वेड तिला लग्नाआधीपासूनचं. पडद्यावर दहा मिनिटं जुंपलेली असायची आणि तिचा बसड्रायव्हर नवरा तिच्याकडे वळून सांगायचा, "काही विशेष नाही, भांडतायत."

मग एकदा थिएटरवर पाटी लागली. दर रविवारी संध्याकाळी एक खेळ असा, ज्यात संवाद खाली लिहून येणार. ताईने पार्लर लवकर बंद केलं, ठेवणीतले कपडे काढले आणि नवऱ्याला ओढत नेलं. कितीतरी वर्षांनी ती लोकांच्या बरोबरीने हसली. नायिका बापाला जाब विचारायला उभी राहिली आणि नेमकी तेव्हाच खालची अक्षरं गायब झाली.

ताई तडक मॅनेजरकडे गेली, मागोमाग नवरा.

मॅनेजर नवऱ्याला म्हणाला, "लोकांची तक्रार आली. अक्षरं डोळ्यांत खुपतात म्हणे. जरा यांना समजवा ना."

"यांना म्हणजे कोणाला?" ताई कडाडली. "मी इथे उभी आहे. माझ्याकडे तोंड करून बोला!"

त्याने पुढच्या आठवड्याचे दोन पास पुढे केले.

"त्यात अक्षरं आहेत?"

"खात्री नाही देता येणार."

नवऱ्याने तिचा दंड धरला. "अगं, जाऊ दे. घरी चल, मी सांगतो तुला सगळं."

"तुम्ही गप्प बसा!"

ती आत शिरली ती थेट पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. आपला आवाज किती चढतो हे तिला कळत नसे, आणि त्या दिवशी त्याची पर्वाही नव्हती.

"खुपतात ना अक्षरं? बाकीचे सगळे खेळ तुमचेच आहेत. हा एक माझा होता, तोही सोसवेना?"

दिवे लागले. कोणी हातवारे करत होतं, कोणी तोंडात बोटं घालून शिट्ट्या मारत होतं. एका माणसाने शेजारी बसलेल्या आपल्या म्हाताऱ्या वडिलांच्या कानाकडे बोट दाखवलं आणि तो ताईजवळ येऊन उभा राहिला. आणखी दोघं आली. शेवटी पिक्चर अक्षरांसकट सुरू झाला.

थिएटरने मग तो खेळ कामाच्या दिवशी सकाळी ढकलला आणि कोणी येत नाही म्हणून बंदच करून टाकला. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तिघांना घेऊन ती दर रविवारी तिकीट खिडकीसमोर ठिय्या देऊ लागली. नवराही फलक धरून बसायचा. फुकटचा तमाशा मालकाला किती दिवस परवडणार? रविवारचा खेळ परत आला.

पार्लरमधली गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणायची, "ताई, केवढी तुमची जिद्द!"

त्यावर ती हातातली कात्री थांबवायची. "जिद्द कसली डोंबलाची! तिकीट काढून पिक्चर बघायला तुम्हाला लागते का जिद्द?"