चार रात्री, स्वयंपाकघरासह

मस्कतहून आलेलं विमान गोव्यात मोप्याच्या पठारावर उतरू लागलं तेव्हा माझी मुलगी जुई खिडकीला नाक लावून बसली होती. खाली तांबडी माती, काजूची झाडं आणि दूरवर समुद्राची पट्टी. तिच्या शाळेला हिवाळी सुट्टी लागली होती. तिचा जन्म मस्कतचा, मी तिथे एसी दुरुस्त करतो. त्यामुळे गोवा हाच तिचा परदेश.

बेत तीन महिने चालला होता. पार्से गावच्या आमच्या घरात आई, थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची तीन मुलं दोन खोल्यांत राहतात. मोरजीचा किनारा तिथून जवळच, पण आई तिकडे जायची ती पुरुमेताची (पावसाळ्याच्या बेगमीची) सुकी मासळी आणायला. सत्तर वर्षांत दर्याकाठी एकदाही मुक्काम केलेला नाही, असं ती फोनवर सहज बोलून गेली होती. ते माझ्या मनात राहिलं. हॉटेलचं जेवण तिला चालत नाही, म्हणून माझ्या बायकोने, अनघाने, मोरजीत स्वयंपाकघर असलेलं घर शोधलं. चार रात्री, गॅस, फ्रीज, दारात वाळू. बोलणी इंग्रजीत झाली आणि मस्कतच्या पत्त्यावर पक्की पावती आली.

पार्श्याहून आई निघाली ती आदोळी (नारळ किसायची विळी) गोणपाटात गुंडाळूनच.

"अगो आई, तिथे सुऱ्या असतील."

"तांचे सुरयेन नाल्ल कसो कांतप?" (त्यांच्या सुरीने नारळ कसा किसायचा?)

वाटेत तिने बांगडे घेतले, तेही घासाघीस करून. मोरजीत पोचेपर्यंत ती कधी नव्हे ती बडबडत होती.

घराच्या फाटकात एक माळी झाडांना पाणी घालत होता. आईने त्याला गाव विचारलं. आरोंद्याचा निघाला, तिच्या माहेराच्या पलीकडचा. दोघांचं बोलणं रंगलं तोच पांढऱ्या शर्टातला व्यवस्थापक आतून आला. माळी पुन्हा झाडांकडे वळला. व्यवस्थापकाने आईकडे, मग तिच्या काखेतल्या गोणपाटाकडे पाहिलं आणि हिंदीत मला विचारलं, "आप लोग लोकल हैं?"

"पार्श्याचे. का?"

"सॉरी. लोकल लोकांना देत नाही. मालकांचा नियम आहे. नातेवाईक गोळा होतात, मासे शिजवतात, बाकीच्या पाहुण्यांना त्रास होतो."

मी पावती पुढे केली. आणि मग, हे लिहिताना माझेच कान तापतात, मी पाकिटातून मस्कतचं रहिवासी कार्ड काढून दाखवलं.

त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "असं सांगा ना! मग तुम्ही तिघं या, काही अडचण नाही. फक्त आजींचं... त्या दिवसा येऊन बसू शकतात."

ज्या आईसाठी घर घेतलं, तिलाच दिवसापुरती परवानगी! अनघा पुढे झाली. "हे लिहून द्या. कारण लिहा, सही करा."

"लिहून कसं देणार, मॅडम?"

"तोंडाने सांगता येतं ना? मग लिहा."

तो आत गेला आणि छापील कागद घेऊन आला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'तांत्रिक अडचण'. अनघाने तो कागद त्याच्याच हातात परत दिला. मी त्याच्यावर ओरडलो; काय बोललो ते आठवत नाही. माळी दुसरीकडे बघत पाइप धरून उभा होता, पाणी एकाच कुंडीत वाहून चाललं होतं.

आईने माझा दंड धरला. "चल रे बाबू. बांगडे खराब जातले."

ते बांगडे पार्श्यातच शिजले. जुईने दोनदा विचारलं, "आपण समुद्राकडे का नाही राहिलो?" मी दोन्ही वेळा वेगळी थाप मारली.

पुढचे चारही दिवस आम्ही मोरजीला गेलो आणि मुद्दाम त्याच घरासमोरच्या वाळूत चादर पसरून बसलो. आई पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव आणि डब्यातली आमटी वाढायची, जुईचा हात धरून गुडघाभर पाण्यात जायची, साडी भिजली की हसायची. किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांभोवती कुंपण होतं, राखणदार होता. ती राखण योग्यच आहे. पण ते कुंपण पाहताना मला ते फाटक आठवायचं. संध्याकाळ झाली, की आई चादर झटकून निमूट गाडीत बसायची.

फाटकातल्या प्रसंगावर ती सुट्टीभर अवाक्षर बोलली नाही. निघायच्या दिवशी मी पाया पडलो, तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आमकां दिना जाल्यार तें घर तांणी बांदलां खंय? आमच्याच भुंयेर न्हय?" (आम्हाला देत नाहीत तर ते घर त्यांनी बांधलंय कुठे? आमच्याच भूमीवर ना?)

ती भांडत नव्हती. तिला खरंच कळलं नव्हतं.

मस्कतला परतून महिना झाला. फोनवर ती मुलांची, काजूची, सगळी खबर देते. दर्याकाठी राहण्याचं मात्र आता बोलत नाही.